अतिपातळ व लवचीक दर्शकपडदे आणि दैनंदिन जीवन : वाशिम जिल्ह्याच्या संदर्भात एक विवेचन

सारांश :
कागदासारखा पातळ, वाकणारा व गुंडाळता येणारा पडदा ही कल्पना गेल्या पन्नास वर्षांत प्रयोगशाळेतून बाजारपेठेत आली. प्रस्तुत लेखात या पडद्यांमागील विज्ञान, त्यांच्या विकासाचे टप्पे आणि त्यांच्या मर्यादा यांचा परामर्श घेतला आहे. तसेच वाशिम जिल्ह्यासारख्या शेतीप्रधान भागातील बाजार समिती, शाळा व ग्रामपंचायत या ठिकाणी त्यांचा कितपत उपयोग होऊ शकेल याचा विचार केला आहे. घडी घालता येणाऱ्या महागड्या मोबाइलपेक्षा उन्हात वाचता येणारा व अत्यल्प वीज घेणारा इलेक्ट्रॉनिक कागद या भागासाठी अधिक महत्त्वाचा ठरेल, मात्र त्याबरोबर नोंदींच्या विश्वासार्हतेचा प्रश्न सोडवावा लागेल, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

बीजशब्द : लवचीक पडदा, इलेक्ट्रॉनिक कागद, ओएलईडी, बाजार समिती, ई-कचरा, वाशिम.

प्रस्तावना :
मानवाने लिहिण्यासाठी वापरलेल्या पृष्ठभागांचा इतिहास हा एका अर्थाने संस्कृतीचा इतिहास आहे. शिळा, ताम्रपट, भूर्जपत्र, कागद आणि आता काचेचा पडदा असा हा प्रवास आहे. वाशिम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. याच शाखेतील दुसरा विंध्यशक्ती या राजाचा, त्याच्या ३७ व्या राज्यवर्षातील ताम्रपट १९३९ मध्ये वाशिम येथे उजेडात आला. ग्रामदानाची ही नोंद संस्कृत व प्राकृत अशा दोन भाषांत आहे. दीड हजारांहून अधिक वर्षे ती टिकली, कारण तांब्यावर कोरलेले अक्षर सहजासहजी बदलता येत नाही.

आजचा पडदा याच्या अगदी उलट स्वभावाचा आहे. त्यावरील मजकूर क्षणात बदलतो आणि मागे खूण राहत नाही. हा पडदा आता कडक काचेचा न राहता पातळ व लवचीक होऊ लागला आहे. त्यामुळे तो भिंतीवर, पिशवीवर, वजनकाट्यावर किंवा दुकानातील फळीवर कोठेही बसविता येईल. १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्यातून वेगळा झालेला वाशिम जिल्हा २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे ११.९७ लाख लोकसंख्येचा असून त्यातील चार-पंचमांशाहून अधिक लोक ग्रामीण भागात राहतात. अशा जिल्ह्यात या तंत्रज्ञानाचे स्थान काय असेल, हा प्रश्न महानगरांतील जाहिरातींवरून सुटणारा नाही. त्याचा स्वतंत्र विचार होणे आवश्यक आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे :
१) लवचीक पडद्यांमागील वैज्ञानिक तत्त्वे सुलभ रीतीने स्पष्ट करणे.
२) या तंत्रज्ञानाच्या विकासाचे टप्पे व महाराष्ट्रातील पडदानिर्मितीच्या प्रयत्नांचा आढावा घेणे.
३) वाशिम जिल्ह्यातील दैनंदिन व्यवहारांत या पडद्यांची उपयुक्तता व मर्यादा तपासणे.

अभ्यासपद्धती :
प्रस्तुत लेखासाठी वर्णनात्मक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला असून विवेचन दुय्यम साधनांवर आधारलेले आहे. आवश्यक तेथे साधी गणिती उदाहरणे दिली आहेत.

विषय विवेचन :

१) पडदा वाकतो कसा?
काच ठिसूळ आहे, हा सर्वांचा अनुभव आहे. तरीही आज घडी घालता येणाऱ्या मोबाइलमध्ये काच वापरली जाते. याचे रहस्य जाडीत आहे. कोणताही पत्रा वाकविला की त्याची बाहेरची बाजू ताणली जाते व आतली बाजू दाबली जाते. बाहेरची बाजू किती ताणली जाईल हे काढण्याचा नियम सोपा आहे : पत्र्याची जाडी भागिले वाकण्याच्या त्रिज्येची दुप्पट. अर्धा मिलिमीटर जाडीची काच ५ मिलिमीटर त्रिज्येत वाकवू पाहिल्यास बाहेरची बाजू ५ टक्के ताणली जाईल. एवढा ताण काच सहन करू शकत नाही व ती फुटते. तीच काच ३० मायक्रॉन, म्हणजे केसापेक्षाही पातळ केली, तर त्याच त्रिज्येत ताण केवळ ०.३ टक्के होतो. त्रिज्या दीड मिलिमीटरपर्यंत आणली तरी तो १ टक्क्याच्या आसपास राहतो आणि रासायनिक प्रक्रियेने मजबूत केलेली काच तो पेलू शकते. थोडक्यात, लवचीकता हा केवळ पदार्थाचा गुण नसून जाडीचाही गुण आहे.

काचेऐवजी पॉलिइमाइड या उष्णता सहन करणाऱ्या बहुवारिकाचा पातळ पापुद्राही आधार म्हणून वापरतात. निर्मितीच्या वेळी हा पापुद्रा कडक काचेवर पसरवितात, त्यावर ट्रान्झिस्टरचे व प्रकाश देणारे थर चढवितात आणि शेवटी लेसरच्या साहाय्याने तो काचेपासून सोडवून घेतात. सर्वांत नाजूक थर पत्र्याच्या मधोमध, जेथे ताणही नसतो व दाबही नसतो अशा पातळीवर येईल, अशी थरांची रचना केली जाते.

२) विकासाचे टप्पे :
नेहमीच्या एलसीडी पडद्याला मागून प्रकाश द्यावा लागतो, त्यामुळे तो फार पातळ करण्यास मर्यादा येतात. ही अडचण दोन मार्गांनी दूर झाली.

पहिला मार्ग स्वतः प्रकाश देणाऱ्या सेंद्रिय पदार्थांचा. प्लॅस्टिकसारख्या बहुवारिकातून वीज वाहू शकते हे १९७७ मध्ये हीगर, मॅकडायर्मिड व शिराकावा यांनी दाखविले. त्यासाठी त्यांना २००० चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. १९८७ मध्ये ईस्टमन कोडॅक कंपनीतील चिंग तांग व स्टीव्हन व्हॅन स्लाइक यांनी दोन सेंद्रिय थरांपासून कमी विद्युतदाबावर उजळणारा घटक तयार केला. आजच्या ओएलईडीचा हा पाया होय. यातील प्रकाश देणारे थर एकत्र मिळूनही एका मायक्रॉनपेक्षा पातळ असतात. २००४ मध्ये जपानमधील होसोनो यांच्या गटाने इंडियम, गॅलियम व जस्त यांच्या ऑक्साइडपासून लवचीक पापुद्र्यावर पारदर्शक ट्रान्झिस्टर तयार करून चित्रबिंदू नियंत्रित करण्याचा नवा मार्ग दिला.

दुसरा मार्ग इलेक्ट्रॉनिक कागदाचा. झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील केंद्रात निक शेरिडन यांनी १९७० च्या दशकात दोन रंगांच्या सूक्ष्म गोळ्यांचा 'जायरिकॉन' पडदा तयार केला. पुढे एमआयटी मीडिया लॅबमधील जोसेफ जेकबसन, बॅरेट कोमिस्की व जे. डी. अल्बर्ट यांनी सूक्ष्म कुप्यांत द्रव भरून त्यात विरुद्ध विद्युतभाराचे काळे व पांढरे कण ठेवले आणि १९९८ मध्ये ही 'इलेक्ट्रॉनिक शाई' जगापुढे मांडली. विद्युतक्षेत्र बदलले की पांढरे किंवा काळे कण वर येतात आणि वीज बंद केली तरी ते तेथेच राहतात. म्हणजे मजकूर दाखवीत राहण्यास वीज लागत नाही, फक्त तो बदलण्यास लागते. २००४ मध्ये सोनीचे 'लिब्री' व २००७ मध्ये ॲमेझॉनचे 'किंडल' ही वाचनयंत्रे याच तत्त्वावर आली.

व्यापारी यशाचा मार्ग मात्र खडतर ठरला. २०१८ मध्ये घडी घालता येणारा पहिला मोबाइल बाजारात आणणारी रोयोल ही चिनी कंपनी २०२४ मध्ये दिवाळखोरीत गेली. सॅमसंगच्या 'गॅलक्सी फोल्ड'चे समीक्षकांना दिलेले काही नमुने एप्रिल २०१९ मध्ये बिघडल्याने त्याची विक्री सप्टेंबरपर्यंत लांबली. एलजीचा गुंडाळता येणारा दूरचित्रवाणी संच २०२० मध्ये कोरियात १० कोटी वॉन एवढ्या किमतीस विक्रीस आला. यावरून एखादी गोष्ट करून दाखविणे आणि ती घरोघरी पोहोचविणे यांतील अंतर लक्षात येते.

३) महाराष्ट्रातील प्रयत्न :
पडद्यांची निर्मिती मुख्यतः चीन, दक्षिण कोरिया व तैवान येथे केंद्रित आहे. महाराष्ट्रात ती यावी यासाठी प्रयत्न झाले. २०१६ च्या सुमारास ट्विनस्टार डिस्प्ले टेक्नॉलॉजीज या कंपनीचा एलसीडी पडद्यांचा कारखाना नागपूरजवळील बुटीबोरी येथे उभारण्याचा प्रस्ताव पुढे आला. विदर्भातील तरुणांच्या दृष्टीने ही मोठी आशा होती. तो कारखाना उभा राहिला नाही. त्यानंतर वेदांत व फॉक्सकॉन यांच्या अर्धवाहक व पडदानिर्मितीच्या सुमारे १.५४ लाख कोटी रुपयांच्या प्रकल्पासाठी पुण्याजवळील तळेगावचे नाव चर्चेत होते. सप्टेंबर २०२२ मध्ये त्याचा सामंजस्य करार गुजरात सरकारशी झाला व महाराष्ट्रात त्यावरून मोठा वाद उसळला. जुलै २०२३ मध्ये फॉक्सकॉनने या भागीदारीतून माघार घेतली.

केंद्र शासनाने डिसेंबर २०२१ मध्ये ७६,००० कोटी रुपयांची योजना जाहीर केली, तीत पडदानिर्मिती कारखान्यांचाही समावेश होता. तथापि २०२३ व २०२४ मध्ये मंजूर झालेले प्रकल्प चिपनिर्मिती व चिपबांधणीचे होते. मे २०२५ मध्ये उत्तर प्रदेशातील जेवर येथे मंजूर झालेला एचसीएल व फॉक्सकॉन यांचा प्रकल्प पडद्यांना चालविणाऱ्या चिपचा आहे, पडद्यांचा नव्हे. यातून घ्यावयाचा बोध असा की, पडदानिर्मितीस प्रचंड भांडवल, अतिस्वच्छ वातावरण आणि पुरवठादारांची साखळी लागते. संशोधनाच्या पातळीवर मात्र चित्र आशादायक आहे. आयआयटी कानपूर येथे लवचीक इलेक्ट्रॉनिक्सचे राष्ट्रीय केंद्र कार्यरत आहे. पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा व आयआयटी मुंबई येथे बहुवारिके व सूक्ष्म इलेक्ट्रॉनिक्स यांवर दीर्घकाळ काम चालू आहे.

४) उन्हातील वाचनीयता आणि बाजार समिती :
वाशिम जिल्ह्याचे अर्थकारण सोयाबीन व तूर यांभोवती फिरते. वाशिम, कारंजा, रिसोड, मंगरूळपीर, मालेगाव व मानोरा या तालुक्यांतील शेतकऱ्यांचा वर्षाचा ताळेबंद बाजार समितीच्या आवारात ठरतो. तेथे शेतकऱ्याला तीन आकडे वाचावे लागतात : हर्रासात पुकारलेला भाव, काट्यावरील वजन आणि हिशोबपट्टीवरील रक्कम. हे आकडे त्याला स्वतःच्या डोळ्यांनी स्पष्ट दिसणे ही व्यवहारातील विश्वासाची पहिली अट होय.

येथे पडद्याच्या प्रकाराला महत्त्व येते. दुपारच्या कडक उन्हात सुमारे १ लाख लक्स प्रकाश पडतो. १,००० निट तेजाच्या ओएलईडी पडद्यावरून यातील केवळ ४ टक्के प्रकाश विखरून परतला, तरी त्या परावर्तित प्रकाशाचे तेज सुमारे १,२७० निट भरते. म्हणजे परावर्तित प्रकाशच पडद्याच्या स्वतःच्या प्रकाशापेक्षा अधिक होतो. अशा वेळी अक्षराचा उजळ भाग काळ्या भागाच्या जेमतेम पावणेदोन पट उजळ दिसतो. मोबाइल उन्हात धरून त्यावर हाताची सावली करावी लागते त्याचे कारण हेच. याउलट इलेक्ट्रॉनिक कागदाचा पांढरा भाग पडलेल्या प्रकाशापैकी सुमारे ४० टक्के परत करतो. त्याच उन्हात त्याचे तेज सुमारे १२,७०० निट होते. ऊन जितके प्रखर, तितका तो अधिक स्पष्ट दिसतो. एक पडदा सूर्याशी स्पर्धा करतो, दुसरा सूर्याचा उपयोग करून घेतो.

या दृष्टीने उघड्या आवारातील भावफलक, पोत्यावरील फेरवापराची पातळ चिठ्ठी किंवा गोदामातील साठ्याची पाटी यांसाठी इलेक्ट्रॉनिक कागद योग्य ठरतो. पाश्चात्त्य देशांतील दुकानांत किमतीच्या अशा पाट्या रुळल्या असून अमेरिकेतील वॉलमार्टने २०२४ मध्ये त्या २,३०० दुकानांत बसविण्याचा मनोदय जाहीर केला. बाजार समितीत अशा फलकावर त्या दिवसाच्या भावाशेजारी हमीभाव कायम दिसत राहिला, तर शेतकऱ्याला तुलना करणे सोपे जाईल. सोयाबीनचा हमीभाव २०२४-२५ साठी क्विंटलला ४,८९२ रुपये व २०२५-२६ साठी ५,३२८ रुपये होता. २०२४ च्या हंगामात अनेक बाजारांत सोयाबीन हमीभावाखाली विकले गेले, हे सर्वश्रुत आहे. फलक भाव वाढवू शकत नाही. तो फक्त फरक लपू देत नाही, आणि सामान्य कास्तकाराच्या दृष्टीने तेही थोडे नव्हे.

५) शाळा, दप्तर व मराठी अक्षर :
दप्तराचे ओझे हा महाराष्ट्रातील जुना प्रश्न आहे. २०२० च्या राष्ट्रीय दप्तर धोरणाने दप्तराचे वजन विद्यार्थ्याच्या वजनाच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त नसावे, असे सुचविले. राज्यात २०२३ पासून इयत्ता दुसरी ते आठवीच्या पाठ्यपुस्तकांतच कोरी पाने जोडण्याचा प्रयोग झाला व २०२५ मध्ये तो मागे घेण्यात आला. कागदाच्या मार्गाने हा प्रश्न सुटत नसेल, तर सर्व पुस्तके सामावणारा एकच पातळ पडदा का असू नये, असा विचार स्वाभाविक आहे.

त्याच्या जमेच्या बाजू स्पष्ट आहेत. इलेक्ट्रॉनिक कागदातून प्रकाश थेट डोळ्यांवर येत नाही, त्यावर चलच्चित्रे नीट चालत नसल्याने विद्यार्थ्याचे लक्ष विचलित होण्याचा धोका कमी असतो आणि एकदा भारित केलेली बॅटरी अनेक दिवस पुरते. भारनियमनाचा अनुभव असलेल्या गावांसाठी हा शेवटचा गुण मोलाचा आहे. देवनागरीतील जोडाक्षरे, रफार व मात्रा स्पष्ट दिसण्यासाठी चित्रबिंदूंची घनता जास्त लागते. इंचाला ३०० बिंदूंचे आजचे वाचनपडदे ही गरज भागवितात. २०१६ मध्ये किंडलवर मराठी पुस्तके उपलब्ध झाल्याने हा मार्ग भाषेलाही मोकळा झाला आहे. मात्र पुस्तक फाटले तर एक पान जाते, पडदा फुटला तर सारी पुस्तके जातात. ज्या घरात मोबाइलची तुटलेली काच महिनोन्‌महिने तशीच वापरली जाते, तेथे न फुटणारा, प्लॅस्टिकच्या आधारावरील पडदा ही चैन नसून अट ठरते. लवचीकतेचा खरा लाभ घडी घालण्यात नसून हातातून पडल्यावर न फुटण्यात आहे.

६) मर्यादा : हवामान, दुरुस्ती व ई-कचरा
वऱ्हाडातील हवामान या पडद्यांची कसोटी पाहणारे आहे. उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या वर जातो. इलेक्ट्रॉनिक कागद सामान्यतः ० ते ५० अंश सेल्सिअसपर्यंत चालतो, परंतु थेट उन्हातील पाटीचे स्वतःचे तापमान हवेपेक्षा बरेच अधिक असते. म्हणून असा फलक प्रकाशात, पण हवा खेळती राहील अशा जागी बसवावा लागेल. ओएलईडीला त्याहून मोठा धोका ओलाव्याचा आहे. तिचे सेंद्रिय थर पाण्याच्या वाफेने खराब होतात. त्यांच्यावरील संरक्षक पापुद्र्यातून दिवसाला एका चौरस मीटरमागे एक ग्रॅमच्या दहा लक्षांश भागाइतकीच वाफ आत जावी, असा निकष सांगितला जातो. घडीच्या बिजाग्रीत शिरणारी धूळ हा आणखी एक शत्रू आहे आणि खळ्यावर व बाजारात तिला तोटा नाही.

दुरुस्तीचा प्रश्नही तितकाच गंभीर आहे. जाड काचेचा पडदा तालुक्याच्या गावी बदलून मिळतो. एकमेकांना चिकटविलेल्या पापुद्र्यांचा पडदा थर सुटे करून दुरुस्त करता येत नाही, तो संपूर्ण बदलावा लागतो. स्वस्त पडदे सर्वत्र चिकटविले गेल्यास त्यांचा कचराही सर्वत्र होईल. त्यांतील इंडियम हे खनिज भारताने २०२३ मध्ये जाहीर केलेल्या ३० महत्त्वपूर्ण खनिजांच्या यादीत आहे. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनी उत्पादकावर जबाबदारी टाकली असली, तरी गावातील भंगारवाल्यापर्यंत ती व्यवस्था पोहोचल्याशिवाय नियमांचा उपयोग मर्यादित राहील.

७) बदलता मजकूर आणि नोंदीची विश्वासार्हता :
सर्वांत मूलभूत प्रश्न तांत्रिक नसून सामाजिक आहे. ग्रामपंचायतीच्या फलकावर डकविलेली कागदी सूचना कोणी बदलली तर खाडाखोड दिसते. इलेक्ट्रॉनिक कागद तसाच दिसतो, पण दुरून बदलता येतो व खूण राहत नाही. जुलै २००९ मध्ये ॲमेझॉनने हक्कांच्या वादामुळे जॉर्ज ऑरवेल यांच्या 'नाइन्टीन एटी-फोर' व 'ॲनिमल फार्म' या कादंबऱ्यांच्या प्रती विकत घेतलेल्या वाचकांच्या यंत्रांतून परस्पर काढून टाकल्या व नंतर त्याबद्दल माफी मागितली. ही घटना पुस्तकांपुरती होती. लाभार्थ्यांची यादी, ग्रामसभेची सूचना, लिलावाची तारीख किंवा बाजारभाव यांबाबत असे घडले तर सामान्य माणसाकडे दाद मागण्यास पुरावा उरणार नाही. म्हणून सार्वजनिक फलकावरील प्रत्येक बदलाची दिनांक व वेळेसह नोंद राहणे आणि ती कोणालाही पाहता येणे, ही अट तंत्रज्ञान स्वीकारतानाच घालावी लागेल. वत्सगुल्माच्या ताम्रपटाने जो विश्वास धातूच्या कठीणपणातून दिला, तो आता नियमांच्या काटेकोरपणातून द्यावा लागणार आहे.

निष्कर्ष :
१) पडद्याची लवचीकता मुख्यतः त्याच्या पातळपणातून येते. घडी घालण्याबरोबरच न फुटणे व हलकेपणा हे तिचे व्यवहारातील प्रमुख लाभ आहेत.
२) उघड्यावरील ग्रामीण वापरासाठी स्वयंप्रकाशी ओएलईडीपेक्षा प्रकाश परावर्तित करणारा इलेक्ट्रॉनिक कागद अधिक योग्य आहे.
३) बुटीबोरी व तळेगाव येथील अनुभव पाहता, पडद्यांचा कारखाना येईपर्यंत वाट न पाहता त्यांची जोडणी, देखभाल, देवनागरी अक्षररचना व पुनर्वापर या क्षेत्रांत स्थानिक कौशल्य निर्माण करणे अधिक व्यवहार्य आहे.
४) उष्णता, ओलावा, धूळ व दुरुस्ती यांची कसोटी स्थानिक परिस्थितीत घेतल्याशिवाय मोठ्या प्रमाणावर खरेदी करू नये.
५) सार्वजनिक फलकांवरील बदलांची कायम नोंद ठेवणे बंधनकारक असावे.

समारोप :
या संदर्भात जिल्ह्यातील महाविद्यालयांना महत्त्वाची भूमिका बजावता येईल. भौतिकशास्त्र व रसायनशास्त्र विभागांना वाकण्याची चाचणी, उन्हातील वाचनीयता व उष्णतेचा परिणाम हे विषय अल्प खर्चात विद्यार्थी-प्रकल्प म्हणून घेता येतील. वाणिज्य व अर्थशास्त्र विभागांना बाजार समितीतील माहितीच्या उपलब्धतेचा, तर मराठी विभागाला पडद्यावरील देवनागरीच्या सुवाच्यतेचा अभ्यास करता येईल. विविध विद्याशाखांनी एकत्र येऊन असा अभ्यास केला, तर फलक बसविण्याचा निर्णय घेणाऱ्या बाजार समितीच्या किंवा ग्रामपंचायतीच्या हाती विक्रेत्याच्या माहितीपत्रकाखेरीज आणखी काही असेल. नवे तंत्रज्ञान आपल्याकडे येईलच, परंतु ते कोणाच्या सोयीने येईल हे ठरविण्यात ग्रामीण भागातील अध्यापकवर्गाचा वाटा असावा, हे अगत्याचे आहे.